जाऊ

ऐरोलीच्या हॉस्पिटलात काउंटरवरची पोर विचारते,
पेशंटच्या तुम्ही कोण?
जाऊ, मी म्हणते.
कुठे?
मग स्वतःच जीभ चावते, कम्प्युटरमध्ये शोधते.
मदर आहे, वाइफ आहे, डॉटर आहे.
सिस्टर-इन-लॉ टाकते काकू, चालेल?

म्हणजे नणंदही तीच, भावजयही तीच, मेव्हणीही.
लॉ म्हणजे कायदा ना गं?
हो.
मग टाक, बरोबर आहे.
जावाजावा उभा दावा म्हणतात,
आमच्या दाव्याला तर नंबरसुद्धा आहे.
अकरा वर्षं, बेलापूर कोर्ट,
चांगुणा भोईर विरुद्ध मी,
साडेबारा टक्क्यांच्या एका प्लॉटवरून.
दोघींचे नवरे गेले. वकील तेवढे राहिले.

सही करते.
तिचा मुलगा अजून दुबईहून निघतोय.
आत ती पाटल्या उतरवते, साबण लावून,
माझ्या ओंजळीत ठेवते.
मोजून घे, चार आहेत.
आणि तारीख कधीय आपली?
मंगळवारी.
पुढची मागून घे, म्हणते डोळे मिटून,
मी नसताना
तू एकटी कुणाशी भांडशील.