हात वर

अकरा वर्षे आमच्या शाळेची निवडणूक
चार मिनिटांत आटोपायची.
मंगळवारी, सकाळी साडेदहाला,
जेव्हा हेदोड्याच्या बाया कारखान्यात
काजू फोडत असतात
आणि टरफलाचे तेल त्यांची बोटे खात असते.

गुणाजीबाब माजिक खुर्चीत.
कोणीतरी नाव सुचवायचे, कोणीतरी अनुमोदन,
मग, हात वर करा.
तो हात मोजत नसे, चेहरे मोजायचा:
कोणाचे घर त्याच्या भाटात,
कोणाची वाट त्याच्या गडग्यावरून,
कोणाचा नळ पंचायतीत अडकलेला.

वर्गात मी शिकवते,
उत्तर येत असेल तर हात वर.
इथे हात वर
म्हणजे उत्तर दुसऱ्याचे.

आधी मी फक्त वेळ बदलली.
आयतार, संध्याकाळी पाच.
नोटीस दारावर चिकटवली नाही,
मुलांच्या वहीत उतरवून दिली,
खाली एक ओळ: घरी मोठ्याने वाचा.
तेवीस मुलांनी एकवीस घरांत वाचली.
सानिशाने दोनदा,
पहिल्यांदा बापाने टीव्ही बंद केला नव्हता.

मग यादी.
यादीत नुसते बाप.
एक वारलेला, एक बोटीवर,
एक वाळपईच्या शेवटच्या कदंबात बसला
तो गेल्या चवथीपासून आलाच नाही.
मी फूटपट्टीने शेजारी रकाना आखला.
द्वारका. सुलक्षा.
जनी वरक, डोंगरावरची.
यल्लव्वा, जिला गाव अजून भायली म्हणते,
आणि सतराचा पाढा शाळेत
फक्त तिच्या मारुतीला येतो.

मतपेटी कुठली आणणार?
मुलांची पावभाजी करणाऱ्या बचतगटाकडून
तेलाचा डबा मागितला.
घासला, तरी वास राहिला.
चिठ्ठ्या नकोत, अक्षर ओळखतात इथे,
आणि जनीला अक्षर नाही.
काजूची बी म्हणजे गुणाजीबाब.
सुपारी म्हणजे द्वारका.
दोन्ही मुठीत घ्या, आड जा,
एक डब्यात, उरलेली पिशवीत.
आड म्हणजे संमेलनातला पुठ्ठ्याचा किल्ला,
बुरुजाला अजून उंदराने खाल्लेली खिडकी.

पहिली यल्लव्वा गेली.
टण्ण!
सुपारी अशीच वाजते, बी नाही वाजत.
हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.
गुणाजीबाबाने मान वळवली.
सगळ्यांनी त्याची वळलेली मान पाहिली.

मी मतदान थांबवले.
डबा उपडा केला,
तळाला फळा पुसायचे फडके अंथरले
आणि म्हटले, सुरुवातीपासून.
यल्लव्वाने दोन्ही जिन्नस पुन्हा हातात घेतले.
म्हणाली, बाई, परत टाकते की.
या वेळी काहीच ऐकू आले नाही.
बराच वेळ, एकेक जण बुरुजामागे जाऊन
काहीच ऐकू आले नाही.

मोजायला सुपातच ओतले.
एकोणीस बिया. सतरा सुपाऱ्या.
गुणाजीबाब निवडून आला.

टाळ्या झाल्या. त्याने वाजवल्या नाहीत.
तो सुपाकडे बघत राहिला,
बोटाने एक सुपारी इकडून तिकडे सरकवली,
जणू तिच्या खाली नाव असेल.
निघताना दारात उभा राहून
प्रत्येकाला हसला, जनीला, सुलक्षाला,
यल्लव्वालाही, जिचे त्याला माहीत होते,
म्हणजे वाटत होते.

पुढच्या आठवड्यात मुलींच्या संडासाला
आतून कडी बसली.
मी अर्ज दोन वर्षांपूर्वी दिला होता.
द्वारका म्हणते, पुढच्या खेपेस.
मी म्हणते, पुढच्या खेपेस दोन्हीकडे सुपाऱ्या,
एकीला चुना लावू.

त्या रात्री मी पिशवीही मोजली,
शिक्षकाची खोड.
सुपाऱ्या एकोणीस, बरोबर.
बिया सतरा हव्या होत्या, निघाल्या सोळा.
कोणीतरी गुणाजीबाबाची बी घरी नेली.
भाजून खाल्ली असणार.