विद्या

नीलोफर म्हणाली, ताई, बाहेरचं सगळं आधी मारायचं,
मगच आतलं बोलतं.
अल्कोहोल एक मिनिट. ब्लीच तीन.
पुन्हा अल्कोहोल, अर्धंच.
मग उकळून गार केलेलं पाणी, तीनदा.
आणि शेवटचं पाणी फेकायचं नाही हं,
तेही एका बशीत ओतून ठेवायचं.
त्यात काही उगवलं
तर आपलं धुणं खोटं.

सव्वीस वर्षं मी गणेशखिंडीच्या या कॉलेजात काचा धुते.
धुण्याचीही परीक्षा असते
हे कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

तिने आणलेली फांदी ऑफिससमोरच्या झाडाची,
डावीकडच्या. उजवीकडचं
सहलीची बस मागे घेताना गेलं.
वहीत तिने लॅटिन नाव लिहिलं, दोन शब्दी.
मी म्हटलं, अगं, ही तर विद्या!

खडकीला शाळेत असताना
भूमितीच्या पुस्तकात ठेवायचो आम्ही ही मोरपंखी,
पेन्सिलीची सालं खाऊ म्हणून घालायचो,
पाय लागला तर पाया पडायचो.
कारखान्यातून आलेले दादा विचारायचे,
काय, वाढली का गं विद्या?
मी नववीत दोनदा बसले.
ती पुस्तकातच राहिली.

नीलोफर हसली नाही. उठून मला जागा दिली.
भिंगाखाली हिरव्या खोल्या,
आणि खोली-खोलीच्या मधल्या फटीतून
एक निळा रंगवलेला धागा,
अस्तराच्या आतून घातलेल्या टाक्यासारखा.
ही बुरशी, ती म्हणाली. पण रोग नाही.
जिवाणूही आहेत, ते याहून बारीक.
पानाला कळतही नसेल.
काहींमुळे पान किड्याला कडू लागतं,
काही हवेतलं खत ओढून देतात म्हणे, अजून नक्की नाही.
आणि काही नुसतेच असतात.

नुसतेच, यावर ती जराशी अडखळली.
आपटीकर सरांना असं लिहिलेलं चालत नाही.

मी त्या रात्री ट्रंक उपसली.
भूमिती, इयत्ता नववी, कव्हर नसलेली.
प्रमेय अकराच्या पानावर
तपकिरी, चपटी, कागदाला तिची सावली चिकटलेली.
दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर
चिमट्याने तिचे पाच तुकडे केले.
एक मिनिट. तीन मिनिटं. अर्धं.
इतक्या जपून मी लेकीलाही न्हाऊ घातलं नसेल.
बटाट्याचं पाणी, साखर, चायना ग्रास:
बशीत खीर थिजली होती, तीवर तुकडे मांडले.
बशीवर नाव घातलं नाही. नुसतं ४१.

ताज्या फांदीच्या बशा सहाव्या दिवशी बोलल्या.
कापसासारखं पांढरं, मग राखाडी,
एकीत गुलाबी, ज्याला नीलोफर
रोज सकाळी आधी भेटायची, पर्स खांद्यावरच.

एक्केचाळीस गप्प.
नववा दिवस. बारावा.
सतराव्या दिवशी कडेला, तुकड्यांपासून लांब,
मोहरीएवढा एक काळपट हिरवा ठिपका.

तिने बशी उजेडाला धरली. कुणाची, विचारलं नाही.
ताई, हे हवेतलं असणार, झाकणाच्या फटीतून.
आतलं असतं तर तुकड्यातून निघालं असतं.
आणि चाळीस वर्षांत आत कोण उरणार?
बरोबर आहे तिचं.
मीही बरोबरच म्हटलं.

टाकायच्या बशा संध्याकाळी मीच उकळते.
कुकर चढला, काटा एकशे एकवीसवर गेला,
खोलीभर उकडलेल्या बटाट्यांचा वास.
तेवढ्यात रजिस्टर ओढून, माझ्या अक्षरात, लिहिलं:

बशी ४१.
शेवटचं पाणी: स्वच्छ.
तुकडे: काही नाही.
कडेला: आहे.