साडेचार मीटर

कौतिकबाईच्या भाजीकाट्यावर
मी नवी लेन्स ठेवली.
"दोन किलो नऊशे," ती म्हणाली,
"एवढ्यात केळीची फणी आली असती, खायले तरी."

चार महिने जळगावच्या त्या दुकानात
काचेपलीकडून हिलाच पाहत होते.
दुकानदार दर वेळी विचारायचा, पक्षी की लग्न?
मी म्हणायचे, नदी.
नदीसाठी वेगळी लेन्स येत नाही ताई, म्हणायचा,
आणि चहा सांगायचा.

ऑस्बर्न अंकलचं सामान एका मिनिटात ठरलं.
तीन तुकड्यांची बांबूची काठी, पितळी रीळ,
तंबाखूच्या डब्यात सोळा माश्या,
सगळ्या हातानं बांधलेल्या.
एक शेजारच्या कोंबड्याच्या मानेची,
एक माझ्या शाळेतल्या स्वेटरच्या लोकरीची,
आणि एक, हे त्यांनी हळूच सांगितलं,
डॉलीच्या लग्नातल्या हॅटच्या पिसाची.
"ती नाही वापरायची. ती फक्त सोबत."

पौषातली पहाट. भुसावळहून रिक्षानं चांगदेव.
एकेचाळीस वर्षं हा माणूस गार्डच्या डब्यात बसला,
सगळी स्टेशनं त्यानं मागं सरताना पाहिली.
आता हात थरथरतात. कपातला चहा बशीत,
बशीतला शर्टावर.

संगमावर उखर्डू भोई होडी उपसत बसलेला.
तापी कुठली, पूर्णा कुठली, धुक्यात कळेना.
पलीकडे हळदीकुंकू बदकांचा थवा.
लेन्सनं तो असा ओढून आणला
की एकेकीच्या चोचीवरचा थेंब मोजता आला.
चाळीस फोटो झाले. खूश झाले मी.

मग मागून आवाज आला, दोरी हवेत फिरल्याचा.
वळून पाहिलं तर अंकल घोट्याएवढ्या पाण्यात,
आणि हात थरथरत नव्हता.
दोरी मागं गेली. थांबली.
("मागं गेलेल्याला पुरता वेळ द्यायचा, बेटा,
मग पुढं.")
मग पुढं, अशी सावकाश उलगडत गेली
की टोकाची माशी पाण्यावर
स्वतःहूनच येऊन बसली.
उखर्डू म्हणाला, "हे मासे धरनं हाय का मच्छर हाकलनं?"

मी लेन्स त्यांच्याकडे रोखली.
ती घूं घूं करत राहिली, पुढं-मागं, पुढं-मागं.
चेहरा म्हणजे नुसता पांढुरका गोळा.
पुस्तिकेत लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं:
साडेचार मीटरच्या आत हिला कुणी दिसत नाही.

म्हणून मागं सरकले.
एक पाऊल, तीन पावलं, गाळात.
इतकी वर्षं यांच्या ओट्यावर बसून पाव खाल्ला,
बाबा गेले तेव्हा यांच्याच खांद्यावर रडले,
आणि आता यांना नीट पाहायला
मी नदीत मागं मागं चालले होते.
गुडघ्यापर्यंत गाळ आला तेव्हा
सुरकुत्या स्पष्ट झाल्या. कानावरचे केससुद्धा.

त्याच वेळी पाणी फुटलं.
तळहाताएवढी चिलापी, जास्त काही नाही.
त्यांनी आधी आपला हात पाण्यात भिजवला,
मग तिला धरलं, गळ अलगद काढला,
आणि बोटं उघडली.

"सोडाचीच व्हती त धरली कायले?"
उखर्डू खरोखरच चिडला होता.
अंकलनी चष्मा शर्टाला पुसला.
"गाडीला हिरवा झेंडा मीच दाखवायचो, उखाभाऊ.
ठेवून कुठं घ्यायचो?"

फोटो एकच आला. चेहरा नाहीच त्यात.
उघडा हात, आणि पाण्यावरचं एक वर्तुळ,
तेही अर्धं चौकटीबाहेर.
उखर्डूनं ओल्या अंगठ्यानं तो मोठा करून पाहिला,
माशासाठी इकडंतिकडं शोधलं,
आणि कॅमेरा परत दिला.

माझी एक चप्पल तापीनं ठेवून घेतली. की पूर्णेनं.

संध्याकाळी कौतिकबाईनं माझा पाय पाहिला, रिकामी पिशवी पाहिली,
आणि काटाच पुढं सरकवला.
"काय आणलं ते ठेव, मोजते."
पट्ट्यात एक माशी अडकलेली निघाली,
पांढऱ्या पिसाची. केव्हा टोचली त्यांनी, कोण जाणे.
मी ती काट्यावर ठेवली.

आकडा शून्यावरून हलेना.
कौतिकबाईनं दोन टिचक्या मारून पाहिल्या,
काटा बिघडला की काय म्हणून.