दहा थाऊ

रत्नागिरीला मिळतो बुश. दोनशे चाळीस रुपये,
एसटीच्या पार्सलनं उद्या दुपारी हर्णैत.
माझ्याकडे गनमेटलचा तुकडा आहे,
फुटक्या व्हॉल्व्हचा, वीतभर,
आणि पडवीत लेथ मशीन, खाऱ्या वाऱ्याला भिऊन
गोधडी पांघरून बसलेलं.

हिशोब मुक्तानं केला, भाकरी थापता थापता:
"तुमचे दोन दिवस, विजेचं बिल, मोडलेलं टूल,
वर डोळ्यात गेलेला कीस.
आणि बेअरिंग? तेही करणार घरी?"
नाही. बेअरिंग विकतच.
नटबोल्टही. तेवढी अक्कल
डेपोतल्या तीस वर्षांनी दिली.

पण दाऊद सोलकरच्या लाँचचा शाफ्ट
सहा थाऊ झिजलाय, एकाच अंगानं.
गोल करताना आणखी चार गेले.
बाजारचा बुश त्यावर खुळखुळेल
सुक्या नारळातल्या वाटीसारखा.
एवढं कारण पुरे होतं. खरं सांगायचं तर
नसतं, तर शोधलं असतं.

सोलकरनं विचारलं, कधी?
म्हटलं, भरतीपर्यंत.
"कुठल्या?" म्हणाला, आणि विडी पेटवली.

रात्री शेवटचा कट. पायाशी पिवळा कीस,
भाताच्या कोंड्यासारखा.
आतून अजून दोन थाऊ, आणि लाईट गेली.
चक आपल्याच जोरानं जरा फिरला, मग थांबला.
बोट घालून पाहिलं. कोमट.

बॅटरी लावायला मोबाईल काढला
तर दुकानाचाच नंबर समोर.
ग्रीसच्या डब्याला टेकवून उभा केला मोबाईल:
नंबर भिंतीकडे,
उजेड बुशकडे.