वेबर, वेफर, वीव्हर

मे महिना. रात्रीचे पावणेदोन.
गायत्रीनगरच्या आय.टी. पार्कात, तिसऱ्या माळ्यावर,
एसी इतका की मी स्वेटर घालून बसते,
आणि खाली गेटवरचा चौकीदार
ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून.

पडद्यावर एक पान उघडलेलं:
फिलाडेल्फिया, सप्टेंबर सतराशे एकोणपन्नास.
'मर्सी' नावाच्या जहाजातून उतरलेले जर्मन.
शाई पिवळी, हळद लागलेल्या बोटांसारखी.
वाचलेल्या नावाचे मला अडीच रुपये.
न वाचता आलेल्याचे काही नाही.

ओहायोच्या एका बाईंना त्यांचा पहिला माणूस हवाय.
आडनाव वीव्हर. अर्जात लिहिलंय:
आमच्यात सांगतात, तो ऱ्हाईनच्या काठाहून आला,
येताना फक्त एक शटल घेऊन आला.
टेंभुर्णे सरांनी विचारलं, 'बॅडमिंटनचं?'
'नाही सर. धोटा. मागावरचा.
आमच्या घरी पाच होते.'

सापडला तो तेविसाव्या ओळीत. हान्स यॉर्ग.
लिहिता येत नव्हतं त्याला.
नावाच्या मधोमध एक फुली मारली,
आणि फुलीच्या दोन्ही बाजूंना
कारकुनाने कानावर आलं ते लिहिलं.
इथे वेफर. (मी एकटीच हसले.)
चर्चच्या वहीत वेबर.
अकरा वर्षांनी जमिनीच्या कागदावर वीव्हर.
तोवर कुणीतरी त्याला अर्थ विचारला असावा.

जहाजाचं भाडं फेडायला
तो पाच वर्षं कुणाच्या तरी शेतावर राबला,
तो करारही सापडला.
बायको कुठेच नाही.
यादीत सोळा वर्षांवरचे पुरुष तेवढे मोजलेले.
बाया, पोरं, आणि वाटेत पाण्यात सोडावी लागली ती
यादीच्या बाहेर.
दोन रात्री शोधली.
मग एका बाप्तिस्म्याच्या नोंदीत दिसली,
दुसऱ्याच्या लेकराला हातावर घेऊन उभी:
'वेबरची बायको.'
एवढंच.
चौकट रिकामी सोडली तर आमचं सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही.
मी 'अज्ञात' टाकलं,
कळ जरा हळू दाबली.

आमच्याकडेही एक पान आहे.
कोतवाल बुक, एकोणीसशे सतरा. आजोबांच्या जन्माची ओळ.
बाबा तिची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात,
धाकट्याच्या जात-पडताळणीच्या फाइलसोबत.
बापाचं नाव: तुका निखारे.
आईच्या नावाला रकानाच नाही.
जातीच्या रकान्यात समितीला दिसतं कोष्टी.
बाबा म्हणतात, त्याच्याआधी हलबा आहे, शाई पसरलीय.
मी ते पान खूप मोठं करून पाहिलं, खूप वेळा.
मला वाटतं, कोतवालाने विचारलं असेल,
'कोन होय बे तू?'
आणि पणजोबाने, ज्याला बोलायची सवय नव्हती,
मागावर हात ठेवला असेल.

साडेसहाला ऑफिसची गाडी गोळीबार चौकात सोडते.
रस्ता तापायला लागलेला.
बाबा कूलरमध्ये पाणी भरून तयार,
इस्त्रीचा शर्ट, पिशवी दाराच्या खिळ्याला.
'भेटला का तुहा जर्मन?'
'भेटला.'
'किती वर्साचा?'
'पावणेतीनशे.'
ते काही बोलले नाहीत. चहा बशीत ओतला.
'नऊपर्यंत झोप. मंग चाल माह्यासंगं कलेक्टर हापिसात.
मूळ बुक काढून दाखवतो म्हणला बाबू.
तिथलं अक्षर मले उमजत नाही.'

मी म्हटलं, 'नावाचे अडीच रुपये पडतील.'

त्यांनी खिसा चाचपला.
पाचाचं नाणं माझ्या हातावर ठेवलं.
'दोन नावं,' म्हणाले.