दहा मिनिटं पुढं

सातेरीमामाच्या कॅमेऱ्यात
सेल बदलले की उजाडायची
एक जानेवारी दोन हजार तीन.
त्यामुळं सुमीचं बारसं, आप्पांचं बारावं,
मलप्रभेचं पुलावर आलेलं पाणी,
सगळं एकाच सकाळी.

स्क्रिप्ट सोळा ओळींची.
तिला फक्त फरक हवा होता:
खरी वेळ वजा कॅमेऱ्याची.
बारशाची आहेराची वही, बाराव्याचं कार्ड,
दोन गठ्ठे लागले.
पुराच्या गठ्ठ्याला पुरावाच नाही.

मग त्यातच सापडला खानापुरातल्या घराचा फोटो.
भिंतीवर रोज फाडायचं कन्नड कॅलेंडर,
जुलै, एकोणीस. अक्षरं लावत वाचली.
वर घड्याळ, पावणेनऊ.
खाली मामी, नेमके डोळे मिटलेले.

चालवली. एकशे बेचाळीस फोटो
आपापल्या जागी जाऊन बसले.

रात्री मामाला फोन केला.
"अगं, ते घड्याळ दहा मिनिटं पुढंच असायचं की,
बेळगावची गाडी चुकू नये म्हणून
तीच ठेवायची."
मग बराच वेळ नुसता त्याचा टीव्ही ऐकू आला.

एक आकडा बदलायचा होता. वजा दहा.
टाइप केला, खोडला.

आता मलप्रभा पुलावर चढते
मामीच्या घड्याळानं.