नाभी आणि नियता

बोद्दूलांची केबल बंद पडली, छत्री उरली.
सहा फुटांची, गंजकी, आत कबुतरांची घाण.
"भंगारवाला साडेतीनशे देतोय," गोवर्धन म्हणाला, "तू चारशे दे."
मी तीनशे दिले आणि माझं अकरावीचं गाइड.

नीलमनगरात, आमच्या स्लॅबवर,
विटांवर उताणी ठेवली तिला. घासली.
चहाच्या पुड्यांतली चांदी डकवली आतून,
बाबांच्या मागावरच्या खळीने.

हुंडेकरी सर फळ्यावर लिहायचे नाभी, नियता.
वर्ग म्हणायचा फोकस, डायरेक्ट्रिक्स; पेपर इंग्रजीत ना.
सर म्हणायचे, आधी एक बिंदू असतो न् एक रेघ,
वळण मागून येतं,
दोघांशी सारखंच अंतर राखत राखत.

माझं उलटं.
वळण हाताला लागलेलं,
बाकीचं हवेत.

काठापासून काठापर्यंत सूत ताणलं: बहात्तर इंच.
मधून ओळंबा सोडला: नऊ.
छत्तीसचा वर्ग, भागिले चार नव्वे छत्तीस.
छत्तीस.
दोनदा केलं, तरी छत्तीसच.

मे महिन्याचा दुसरा आठवडा,
बारा वाजून वीस मिनिटांनी सोलापुरात
सावली पायातच शिरते माणसाच्या.
चिमट्यात तेंदूचं पान धरून
मी तळापासून छत्तीस इंचांवर नेलं,
जिथे काहीच नव्हतं तिथे.
एक. दोन. ती...
पान गेलं.

मग आठवली नियता.
सर ती तुटक काढायचे, फळ्याच्या पार खाली,
डस्टर ठेवतात तिथे.
शिरोबिंदूच्या खाली तितकीच. छत्तीस.
चार विटांचे गेले, पाच स्लॅबचे,
उरले सत्तावीस.
टेप घेऊन जिना उतरले.

छतापासून सत्तावीस इंच:
पंख्याची पाती.
आमचा पंखा, जो दिवसा लावत नाहीत
तंबाखू उडते म्हणून.
वर चांदीचा एकेक तुकडा
त्या जळल्या पानापासून जेवढा लांब
तेवढाच या थांबलेल्या पात्यांच्या पातळीपासून.

खाली अम्मा. मांडीवर सूप,
आठशेवी विडी असेल, नाहीतर सव्वाआठशेवी.
"एंदि?" तिने मान वर न करता विचारलं.
"रेघ बघतेय."
"छताला?"
"छताच्या खाली. दिसत नाही ती."

तिने दोरा दातांनी तोडला
आणि सूप घेऊन जराशी सरकली,
माझ्या स्टुलाचा पाय टेकावा म्हणून.